रब्बीचं बियाणं सांगण्याआधी विहीर मोजा



परतीचा पाऊस थांबला, विहिरी तुडुंब दिसताहेत. पण भरलेली विहीर म्हणजे अख्ख्या हंगामाचं पाणी नव्हे. ऐन दाणे भरताना विहिरीने तळ गाठला तर बियाणं, खत, मजुरी सगळं अंगावर येतं. म्हणून कंपनीकडे बियाण्याची मागणी देण्याआधी एवढा हिशोब कराच.

*१) विहिरीत पाणी किती?*
२० फूट व्यासाच्या गोल विहिरीत १ फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. ३० फूट पाणी असेल तर सुमारे २ लाख ६७ हजार लिटर.

*२) पिकाला किती लागतं?*
एका एकरावर ५ सेंमी पाण्याची एक पाळी म्हणजे २ लाख लिटर. म्हणजे वरची विहीर एकदा उपसली की एका एकराची जेमतेम एक पाळी! गव्हाला ५-६ पाळ्या लागतात. हरभऱ्याला भारी जमिनीत दोन पुरतात, एक फुलोऱ्यात आणि एक घाटे भरताना. एक एकर गव्हाच्या पाण्यात तीन एकर हरभरा निघतो.

*३) झरा किती?*
विहीर उपसून मोटार बंद करा. दोरीने पातळी मोजा, २४ तासांनी परत मोजा. ६ फूट पाणी चढलं तर दिवसाला ५३ हजार लिटर, म्हणजे एकराच्या एका पाळीला ४ दिवस. उन्हं तापली की झरा कमी होतो, म्हणून फेब्रुवारीपासून निम्माच धरा.

हे नवीन नाही. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. तिथे २००४ पासून दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. कारण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच. आपण खोल गेलो की शेजाऱ्याची विहीर आटते, आणि शेजारी खोल गेला की आपली.

हिशोबात पाणी कमी पडत असेल तर गव्हाचं क्षेत्र कमी करा, उरलेल्या रानात हरभरा किंवा ज्वारी घ्या. तुषार किंवा ठिबक असेल तर तेच वापरा. आणि पिण्याचं, जनावरांचं पाणी आधी बाजूला काढा, मग पिकाचं धरा.

बाजारभाव आपल्या हातात नाही. किती एकर पेरायचं, हे आहे.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी