दीक्षाभूमीला निघताना लेकरांची औषधपेटी

अशोक विजयादशमी जवळ आली की पवनारच्या आपल्या वस्तीत लगबग सुरू होते. विहारात बैठक बसते, गाडीचे भाडे ठरते, कोणाकडून किती माणसे याची यादी होते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे धुऊन ठेवले जातात. निघायच्या पहाटे भाकरी, ठेचा, चिवडा फडक्यात बांधला जातो आणि गाडी सेलू, केळझर, बुटीबोरी करीत नागपूरला लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्या भूमीवर लेकराला कडेवर घेऊन जावे ही प्रत्येक माउलीची इच्छा असते. ती योग्यच आहे. पण या बांधाबांधीत एक गोष्ट हमखास राहून जाते. ती म्हणजे लेकरांची औषधपेटी.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. एका वर्षी असेच निघालो होतो. मुलगा अडीच वर्षांचा. सेलू मागे पडले आणि त्याचे अंग तापले. माझ्याजवळ औषध नव्हते. शेजारच्या बाईने मायेने पिशवी उघडली, कापलेल्या पाकिटातली एक गोळी काढली आणि म्हणाली, "अर्धी देऊन दे बाई, उतरते ताप." मी दिली. नागपूरला तंबूतल्या डॉक्टरांनी विचारले, "कोणती गोळी दिली? किती दिली?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. गोळी मोठ्या माणसाच्या अंगदुखीची होती, हे मागून कळले. लेकरू बरे झाले, पण त्या रात्री मी जागी राहिले. मदत करणारीचा दोष नव्हता. दोष माझ्या रिकाम्या पिशवीचा होता.

म्हणून पहिली गोष्ट ही की, लेकरू म्हणजे अर्धा माणूस नव्हे. त्याचे औषध वजनावर ठरते. निघण्याआधी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात त्याचे वजन करून घ्यावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. तापासाठी पॅरासिटामॉलचे पातळ औषध चालते. दर किलो वजनाला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम हे त्याचे माप. पण बाटल्या सारख्या नसतात. १० किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ६ मिली लागते. ५ मिलीत २५० असलेल्या बाटलीतून ३ मिलीच लागते. आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतून दीड मिली पुरते. लेकरू एकच, पण मापे तीन! तेव्हा आपल्या बाटलीचे माप डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून विचारून बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहावे. दोन वेळांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात चार वेळांपेक्षा जास्त देऊ नये. घरातल्या चमच्याने न देता बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ताप आला, तर औषध देत न बसता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी गोष्ट जलसंजीवनीची. प्रवासात लेकराला सर्वांत जास्त धोका जुलाब-उलटीचा असतो. ऑक्टोबरचे ऊन, परके पाणी आणि दुपारपर्यंत उघड्यावर राहिलेला भात. भोजनदान देणाऱ्यांची श्रद्धा मोठी आहे, त्यांना नाव ठेवायचे नाही. पण लेकराला गरम असलेले ताजेच अन्न द्यावे आणि पाणी घरूनच न्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईचे दूध हेच अन्न आणि हेच पाणी. जुलाब झाले तरी अंगावरचे पाजणे बंद करू नये.

जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची ताकद काय, याची एक खरी हकीकत आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. बनगाव येथे कॉलऱ्याने माणसे मरू लागली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. शंभरात तीसच्या आसपास माणसे जिथे मरत होती, तिथे मरणारे चारच्याही खाली आले. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आया-बापांचे होते. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांचा खरा सन्मान मात्र आपल्या पिशवीत चार पुड्या असण्यात आहे.

पुडी घेताना ती एक लिटर पाण्याची आहे की २०० मिलीची, हे वाचून घ्यावे. सांगितले तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी टाकावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावे. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, त्यापुढच्याला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा घालावा. दुकानातली गोड रंगीत पाकिटे म्हणजे जलसंजीवनी नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरू नये, असे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावावे लागले. जुलाबात झिंकची गोळीही लागते. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला २० मिलिग्रॅमची रोज एक, त्याखालच्या बाळाला अर्धी, असे १४ दिवस. पुड्या आणि झिंक आपल्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात. निघण्याआधीच मागून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट जखमेची. गर्दीत लेकरू पडते, खरचटते, अनवाणी पायाला काच लागते. त्यासाठी साबणाची वडी, निर्जंतुक गॉज, गुंडाळायची पट्टी, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडिनची छोटी ट्यूब, लहान कात्री आणि सेफ्टी पिना एवढे पुरे. जखम आधी साबणपाण्याने धुवावी, मग पट्टी बांधावी. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडके दाबून धरावे. उचलून-उचलून पाहू नये. चहा सांडून भाजले तर वीस मिनिटे साध्या पाण्याची धार सोडावी. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. ताप मोजायला सेलवरचे थर्मामीटर घ्यावे; पाऱ्याचे गर्दीत फुटते.

चौथी गोष्ट आपल्या विदर्भातल्या घरांनी विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या समाजात सिकलसेलची लेकरे पुष्कळ आहेत. पाणी कमी पडले, फार दमले किंवा थंडी वाजली की त्यांचे दुखणे उसळते. अशा लेकराची रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत, सिकलसेलचे कार्ड सोबत ठेवावे, थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजावे आणि पहाटेसाठी स्वेटर बाळगावा. त्याला ताप आला तर नुसत्या तापाच्या औषधावर थांबू नये. त्याच वेळी दवाखाना गाठावा. दमा किंवा फिट्सचे लेकरू असेल त्यानेही आपले औषध विसरू नये.

आता काय घेऊ नये ते सांगते. ॲस्पिरीन लेकरांना देऊ नये. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यास सरकारने २०११ सालीच बंदी घातली आहे. जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या आणि मागच्या आजारातली उरलेली औषधे घरीच ठेवावीत. खोकल्याची पातळ औषधेही मनाने देऊ नयेत. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसच्या वर लेकरे दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरातच आणले होते. ती साध्या खोकल्याची लेकरे होती, हे विसरू नये.

शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त आहे. ती म्हणजे दोन चिठ्ठ्या. एक पेटीत ठेवायची. तीत लेकराचे नाव, वय, वजन, कोणते औषध सोसत नाही, आणि वाटेत कोणते औषध किती वाजता दिले याची नोंद. दुसरी चिठ्ठी लेकराच्या खिशात. तीत गाव आणि आई-वडिलांचे फोन नंबर. एवढ्या जनसागरात चुकलेले लेकरू आपले नाव सांगते, पण नंबर सांगू शकत नाही.

हे सारे एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात मावते. झाकणावर ठळक अक्षरात 'औषध' लिहावे, तारीख संपलेली औषधे काढून टाकावीत आणि डबा लेकरांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. डब्यात काय आहे हे आईइतकेच बापालाही ठाऊक असले पाहिजे. गाडी एकत्र ठरली असेल तर विहाराच्या बैठकीत आणखी एक मोठा डबा ठरवायला काय हरकत आहे?

मात्र डब्याची हद्दही ओळखावी. लेकरू पाणी पिईना, सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, श्वास जोरात चालला किंवा झटके आले, तर डबा मिटावा आणि मैदानावरच्या वैद्यकीय मदतीच्या तंबूकडे किंवा दवाखान्याकडे धावावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत.

बाबासाहेब आणि रमाई यांना पाच लेकरे झाली. त्यांतली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाढले. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्या काळी जलसंजीवनीची पुडी नव्हती, बोलावताच येणारी गाडी नव्हती. आज या गोष्टी आपल्या वस्तीपर्यंत आल्या आहेत. त्या उपयोगात आणणे एवढेच आपल्या हाती उरले आहे. यंदा पांढरे लुगडे घडी करताना शेजारी तो डबाही ठेवा. लेकरे हसत जावीत आणि हसत घरी यावीत.

जय भीम!