कात्रज घाटात गाडी टकटक का करते? हवा मोजणारा सेन्सर तपासलाय का?

रविवारची सकाळ. कात्रज चौक मागे पडला, जुन्या घाटाचा रस्ता लागला. गाडीत चार माणसं, एसी चालू. चढ सुरू होताच बॉनेटखालून टकटक ऐकू येते आणि पिकअप मिळेनासा होतो. सपाट रस्त्यावर मात्र हीच गाडी एकदम नीट चालते. मग सगळा राग निघतो पेट्रोलपंपावर. पेट्रोल खराब असूही शकतं, पण पेट्रोल गाडीत आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे हवा मोजणारा सेन्सर.

सेन्सर नेमकं काय करतो?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅम पेट्रोलमागे साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून आत किती हवा आली हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळावं लागतं. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली बारीक तार तापवलेली असते. हवा जास्त आली की तार जास्त थंड होते आणि ती गरम ठेवायला जास्त करंट लागतो. त्यावरून हवेचं वजन कळतं. अनेक छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि ईसीयू तापमान धरून हिशोब करतो.

लोड म्हणजे काय?

समजा, १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर आहे. सेकंदाला १०० वेळा कुठला ना कुठला सिलिंडर हवा ओढतो. सेन्सरने सेकंदाला ३० ग्रॅम हवा सांगितली, तर प्रत्येक वेळी ०.३० ग्रॅम. पुण्याच्या हवेत सिलिंडर पूर्ण भरला तर साधारण ०.३३ ग्रॅम मावते. म्हणजे लोड झाला सुमारे ९१ टक्के.

ईसीयूकडे एक तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड. त्यावरून स्पार्क कधी टाकायचा ते ठरतं. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच स्पार्क पडतो. लोड कमी असेल तर जळणं हळू होतं, म्हणून स्पार्क लवकर. लोड जास्त असेल तर दाब आणि उष्णता वाढते, म्हणून स्पार्क थोडा उशिरा.

मग गडबड कुठे होते?

आता सेन्सरच्या तारेवर धूळ बसली आणि तो ३० ऐवजी २७ ग्रॅम सांगू लागला. ईसीयूला वाटतं, लोड ८२ टक्केच आहे. मग दोन चुका एकदम होतात. पेट्रोल कमी पडतं आणि स्पार्क गरजेपेक्षा लवकर पडतो. ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. तीच ती टकटक, म्हणजे नॉकिंग.

सपाट रस्त्यावर हे खपून जातं. तिथे दाब कमी असतो आणि सायलेन्सरच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलची चूक बरीच सावरून घेतो. पण टायमिंग तो दुरुस्त करत नाही. घाटात नॉक सेन्सर आवाज ओळखून स्पार्क मागे घेतो, म्हणून पिकअप जातो. जोराचं नॉकिंग खूप दिवस चाललं तर पिस्टनला इजा होऊ शकते.

उलटही घडतं. सेन्सर जास्त हवा सांगू लागला तर पेट्रोल जास्त, स्पार्क उशिरा, मायलेज कमी.

करायचं काय?

आधी एअर फिल्टर आणि सेन्सरच्या पुढचा रबरी पाइप बघा. पाइप फाटला असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. स्कॅनरवर पी०१०१ किंवा पी०१७१ कोड आला तर शोध इथूनच सुरू करा. मास एअरफ्लो सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच साफ करून घ्या. तारेला बोट किंवा कापड लावू नका.

पिकअपसाठी रीमॅप करायचा विचार असेल, तर त्याआधी सेन्सर खरं सांगतोय का ते तपासा. चुकीच्या आकड्यावर टायमिंग पुढे नेलं, तर गाडी कात्रज चौकात झकास वाटेल आणि बोगद्याच्या अलीकडेच टकटक सुरू करेल.