‘हुशार चोर’ नावाची भीती

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास असते: अमुक मध्यवर्ती कारागृहातले इतके बंदी उत्तीर्ण. त्या बातमीवरची एक प्रतिक्रियाही तितकीच हमखास. “चोरांना शिकवून काय करणार? आणखी हुशार चोर बाहेर येतील!” बोलणारा बहुधा सुशिक्षित असतो आणि आपण फार व्यवहाराचं बोललो, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या तोंडूनही ऐकलंय. मुख्याध्यापकांचं जरा जास्त लागलं. आयुष्यभर खडू झिजवून शिक्षणावर एवढाच विश्वास?

तर आधी या वाक्याचाच समाचार घेऊ.

गुन्हा करायला लागणारी अक्कल शाळेच्या पुस्तकात मिळते, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आता भारतातल्या तुरुंगांत कोण आहे ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं जवळपास तेच सांगतात: सुमारे एक चतुर्थांश कैदी निरक्षर, आणि आणखी चाळीस टक्क्यांच्या आसपास दहावीपर्यंतही न पोचलेले. या माणसांना अपूर्णांक किंवा अर्ज लिहायला शिकवलं तर नेमका कोणता गुन्हा सोपा होतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. बँका बुडवणारे उच्चशिक्षित असतात, हे खरं. पण ते तुरुंगातल्या वर्गात शिकलेले नसतात. त्यांच्या पदव्या कंपनीच्या माहितीपत्रकात फोटोखाली छापलेल्या असतात.

शालेय शिक्षण वाढलं की गुन्हे कमी होतात की गुन्हेगार तरबेज होतात, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी नीट तपासलेला आहे. लान्स लॉकनर आणि एन्रिको मोरेट्टी यांचा 2004 सालचा अभ्यास यातला सर्वांत गाजलेला. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे कायदे वेगवेगळ्या वेळी बदलले. त्यामुळे काही मुलं, मनात असो-नसो, शाळेत जास्त काळ राहिली. या मुलांची तुरुंगात जाण्याची शक्यता घटलेली दिसली. ती अभ्यासू होती म्हणून नव्हे, कायद्याने बसवून ठेवली म्हणून.

आता तुरुंगाच्या आतलं. 2013 साली रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांचं सुटकेनंतर पुन्हा गुन्ह्याकडे वळणं, न घेतलेल्यांच्या तुलनेत, स्पष्टपणे कमी होतं. इथे मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींवरही चिडायचं आहे. या अहवालातला ‘43 टक्के’ हा आकडा उचलून ‘शिक्षणामुळे गुन्हे 43 टक्क्यांनी घटतात’ असं उत्साहाने सांगितलं जातं. अहवालात तसं नाही. तो आकडा सांख्यिकीतल्या एका विशिष्ट गुणोत्तरातली घट सांगतो. साध्या भाषेत सांगायचं तर, त्यांच्या हिशेबाप्रमाणे न शिकलेल्या शंभरांपैकी सुमारे 43 जण तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आले, शिकलेल्या शंभरांपैकी सुमारे 30. फरक 13 जणांचा. हा फरक पुरेसा मोठा आहे, फुगवून सांगायची काही गरज नाही. एका कैद्याच्या शिक्षणाचा खर्च 1,400 ते 1,744 डॉलर, आणि तो पुन्हा आत न आल्यामुळे तीन वर्षांत वाचणारे पैसे 8,700 ते 9,700 डॉलर, असाही हिशेब त्यांनी मांडला होता. व्यवहाराची भाषा करणाऱ्यांनी या व्यवहाराकडे बघायला हरकत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मात्र दमदार आहे. वर्गात येऊन बसणारा कैदी मुळातच बदलायच्या मनःस्थितीत असतो; तो न शिकताही सुधारला असता. मग श्रेय शिक्षणाला का द्यायचं? अनेक जुन्या अभ्यासांत ही त्रुटी होतीच. म्हणून तर रँडच्या संशोधकांनी अभ्यासांना काटेकोरपणाप्रमाणे श्रेणी दिली आणि वरचा निष्कर्ष सर्वांत काटेकोर अभ्यासांवरून काढला. या आक्षेपाला आणखी वेगळ्या वाटेने उत्तर मिळालं ते नॉर्वेत. तिथे खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाणार हे कुणाच्या मर्जीवर नसतं. कुणी कडक, कुणी सौम्य. त्यामुळे सारख्याच गुन्ह्यात कुणी तुरुंगात जातो, कुणी नाही. मनुदीप भुल्लर आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या योगायोगाचा उपयोग करून घेतला. तुरुंगात गेलेल्यांचे पुढचे गुन्हे कमी झालेले आढळले, आणि ही घट प्रामुख्याने अशा लोकांत होती जे आधी बेरोजगार होते आणि आत गेल्यावर नोकरीसाठीच्या प्रशिक्षणात सामील झाले. ज्यांना आधीच नोकरी होती त्यांच्यात अशी घट नाही. त्यांची होती ती नोकरीही गेली. म्हणजे भिंतींनी माणूस सुधारत नाही, आणि इच्छा असलेलाच सुधारतो असंही नाही.

‘काही उपयोग होत नाही’ या समजुतीला तर चक्क जन्मसाल आहे. 1974 साली रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 231 अभ्यास चाळून एक लेख लिहिला. त्याचा सारांश लोकांनी एका वाक्यात केला: काहीच चालत नाही. तुरुंगांवरचा खर्च कापायला निघालेल्यांना हे हवंच होतं. पुढे 1979 मध्ये मार्टिन्सनने स्वतःच जाहीरपणे हा निष्कर्ष मागे घेतला, काही उपक्रमांचा उपयोग होतो असं लिहिलं. ते कुणी वाचलं नाही. पहिला लेख अजून उद्धृत होतो.

त्याचे परिणाम साधेसुधे नव्हते. 1994 साली अमेरिकेत क्लिंटन सरकारच्या गुन्हेविषयक कायद्याने कैद्यांना मिळणारी पेल ही सरकारी शिष्यवृत्ती बंद झाली. युक्तिवाद आपल्या ओळखीचा होता: प्रामाणिक गरिबांच्या मुलांच्या वाट्याचे पैसे कैदी खातात. वास्तवात या निधीचा एक टक्कासुद्धा कैद्यांकडे जात नव्हता, आणि पात्र विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळतच असल्यामुळे कुणाच्या ताटातलं काढून त्यांना वाढलं जात नव्हतं. तुरुंगातले महाविद्यालयीन वर्ग मात्र धडाधड बंद पडले. ती चूक पूर्णपणे सुधारायला जुलै 2023 उजाडला. गंमत म्हणजे त्याच 1994 साली, किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना, तिथे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र सुरू झालं. पुढे देशभरातल्या तुरुंगांत अशी केंद्रं निघाली. महाराष्ट्रात नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही कारागृहांत पोचलं.

बाकीचे समज थोडक्यात उरकता येतील.

“आमच्या पैशांवर त्यांची चैन.” 2019-20 मध्ये देशात कैद्यांवर थेट जो खर्च झाला, त्यातला जवळपास निम्मा जेवणावर गेला. शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण मिळून वाटा होता एक टक्क्याच्या आसपास.

“माफी मिळावी म्हणून शिकतात.” परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत काही दिवसांची माफी मिळायची तरतूद महाराष्ट्रात आहे, त्यामुळे काहीजण त्यासाठीही शिकत असणारच. आपण काय ज्ञानलालसेपोटी इंजिनीअरिंगला गेलो होतो?

“तुरुंगात तर ग्रंथ लिहिले जातात!” हा प्रेमळ गैरसमज. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक आणि नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी शिकून-सवरून आत गेले होते. ज्याला वकीलपत्रावर सही करता येत नाही, त्याच्या गरजेशी याचा काही संबंध नाही. त्याला आधी स्वतःच्या जामिनाच्या आदेशात काय लिहिलंय ते वाचता यायला हवं.

“गुन्हेगारांना शिकवायचं कशाला?” तुरुंगातले सगळे गुन्हेगार ठरलेले नसतात. 2022 च्या अखेरीस देशभरात 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. दर चारांत तीन. आपल्याकडच्या तुरुंगातल्या शिक्षणाची खरी अडचणही इथेच आहे, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शिक्षा झालेल्याला आपण किती वर्षं आत आहोत हे माहीत असतं. तो तीन वर्षांच्या पदवीचा बेत आखू शकतो. कच्च्या कैद्याला पुढच्या तारखेपलीकडचं काही माहीत नसतं. जामीन उद्या होईल किंवा चार वर्षांनी. अशा माणसाला वर्षाचा अभ्यासक्रम काय कामाचा? त्याला काही आठवड्यांत पुरी होणारी, सुटल्यावर बाहेर पुढे चालू ठेवता येणारी शिकवणी लागते. आणि जिथे 2022 च्या अखेरीस क्षमतेच्या 131 टक्के माणसं कोंबलेली होती, तिथे वर्गासाठी खोली आधी शोधावी लागते.

शेवटचा समज आमच्यासारख्यांचा: प्रमाणपत्र हातात आलं की काम झालं. रँडच्याच संशोधकांनी 2018 मध्ये नव्याने केलेल्या छाननीत पुन्हा गुन्हा करण्यातली घट टिकून राहिली, पण सुटल्यावर नोकरी मिळण्यावर शिक्षणाचा ठोस परिणाम दिसला नाही. का, ते आपल्याकडच्या एका उदाहरणावरून समजेल. शहरात दहावी पास माणसाला पटकन मिळणारी नोकरी म्हणजे सुरक्षारक्षकाची. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या 2005 च्या कायद्यानुसार त्या नोकरीआधी चारित्र्य आणि पूर्वेतिहासाची पडताळणी सक्तीची आहे. मार्कशीट त्यानंतर बघतात.