एकाच घरातल्या दोन दिवाळ्या

नरक चतुर्दशीला आपल्याकडे उटणं, अभ्यंगस्नान आणि फराळ. त्याच दिवशी नेपाळमध्ये काय चाललेलं असतं, ठाऊक आहे? तिथे कुत्र्यांची पूजा असते! 'कुकुर तिहार' हा तो सण. कुत्र्याच्या कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात खाऊ. हा मान फक्त घरच्या कुत्र्याचा नाही, रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्यालाही तो तितकाच मिळतो. यमाच्या दारी कुत्रे पहारा देतात, अशी त्यामागची श्रद्धा. ती आपल्याला परकी नाही. ऋग्वेदात यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि दत्ताच्या पायाशी तर चार.

आणि आपल्या घरातला मोती? पहाटेची पहिली माळ कडाडली की तो पलंगाखाली भिंतीला चिकटतो. कान मागे दुमडलेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, जीभ बाहेर, लाळ गळतेय, पाय थरथरताहेत. एरवी ज्या बिस्किटासाठी तो घरभर मागे मागे फिरतो, ते नाकासमोर धरलं तरी वळून पाहत नाही.

घर एक, सण एक. मग तुमची दिवाळी आणि त्याची दिवाळी इतकी वेगळी कशी? उत्तर त्याच्या शरीरात आहे, आणि ते कळायला लागलं की थक्क व्हायला होतं.

कानापासून सुरुवात करू. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ या पट्टीतले आवाज ऐकू येतात. कुत्र्याची वरची मर्यादा 45,000 हर्ट्झच्या आसपास आहे! म्हणजे आपल्याला जिथे सगळं निःशब्द वाटतं, तिथे त्याला आवाजांचा आणखी एक अख्खा मजला ऐकू येत असतो. हे पहिल्यांदा कोणी तपासलं? फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने. माणसाला ऐकू न येणारी शिट्टी त्याने बनवली, ती हातातल्या काठीच्या टोकाला बसवली आणि मुठीखालची रबरी नळी दाबत तो प्राणिसंग्रहालयातून आणि रस्त्यांवरून हिंडला. 1883 सालच्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय की लहान कुत्री वळून बघायची, पण स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात तासन् तास प्रयत्न करूनही एकाही मोठ्या कुत्र्याने दाद दिली नाही. मग मोठ्या कुत्र्यांना कमी ऐकू येतं का? बरोबर शंभर वर्षांनी, 1983 मध्ये, हेन्री हेफ्नर यांनी चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंतच्या कुत्र्यांची श्रवणशक्ती नीट मोजली. कानाचा पडदा लहान असो की मोठा, वरच्या पट्टीत फारसा फरक नाही. बर्नच्या त्या धिप्पाड कुत्र्यांना शिट्टी बहुधा ऐकू येत असावी, त्यांनी मान वळवली नाही इतकंच!

आता या कानाशेजारी फटाका ठेवून बघा. कायद्याने फटाक्याच्या आवाजाला मर्यादा घातली आहे: फुटतो तिथून 4 मीटरवर 125 डेसिबल. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं. मग फटाका बोलण्याच्या दुप्पट म्हणायचा का? मुळीच नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. 70 म्हणजे दहापट, 80 म्हणजे शंभरपट, 90 म्हणजे हजारपट. असं करत 125 पर्यंत पोचलं की ढोबळ मानाने तीस लाख पटींच्या वर! आणि हा झाला नियमात बसणारा फटाका. नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पुढाकाराने आलेल्या हरित फटाक्यांतून धूर कमी निघतो, हे चांगलंच आहे. पण फुटणारा फटाका हिरवा असला तरी कुत्र्याच्या कानाला तो फटाकाच.

हा आवाज कानात शिरला की आत काय घडतं? दचकण्यासाठी मेंदूने एक आडवाट राखून ठेवली आहे. कानातून आलेला संदेश विचार करणाऱ्या भागाकडे न जाता मेंदूच्या बुंध्यातूनच थेट स्नायूंकडे वळतो. उंदरांमध्ये हा प्रवास जेमतेम दहा मिलिसेकंदांत संपतो, आणि पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ लागतो! म्हणजे 'हा कसला आवाज' असा प्रश्न पडण्याआधीच अंग उडालेलं असतं. मागोमाग अॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, भूक मरते. नाकासमोरचं बिस्कीट त्याला का नको होतं, हे आता कळलं ना?

इटलीतल्या संशोधकांनी 2008 मध्ये एक सुंदर प्रयोग केला. कुत्रा वाडग्यातलं खाणं खात असताना दोन्ही बाजूंच्या स्पीकरवर एकाच वेळी एकच आवाज लावायचा आणि तो कुठे वळतो ते पाहायचं. दुसऱ्या कुत्र्याचं भुंकणं लागलं की मान बहुधा उजवीकडे वळायची, ढगांचा गडगडाट लागला की डावीकडे. डाव्या कानाचे संदेश मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातात, आणि तीव्र भीतीचा कारभार तिथेच चालतो. म्हणजे नुसत्या मानेच्या वळण्यावरून कुत्रा सांगून जातो की या आवाजाने त्याच्या पोटात गोळा आलाय!

शिवाय एक फरक आपल्या लक्षातच येत नाही. तुमच्या हातात उदबत्ती असते, वात पेटलेली दिसते, तुम्ही मागे सरून कानांवर हात ठेवता. आवाज कधी येणार, कुठून येणार, कशासाठी आणि कधी थांबणार, सगळं तुम्हाला माहीत असतं. त्याला यातलं एकही उत्तर ठाऊक नाही. त्यात इमारतींच्या भिंतींवर आपटून आवाज चारी दिशांनी येतो. पळायचं तरी कुठल्या दिशेने? फिनलंडमध्ये 13,700 पाळीव कुत्र्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. त्यात 32 टक्के कुत्री आवाजाला घाबरणारी निघाली. मोती एकटा नाही आणि तो भित्राही नाही.

म्हणून उपाय त्याच्या कानाला पटतील असे हवेत. संध्याकाळचा फेरफटका अंधार पडण्याआधी उरका. नरक चतुर्दशीला पहाटे बाहेर काढू नका, उजाडून आवाज ओसरले की न्या. पट्टा हातातून सोडू नका, कारण दचकलेला कुत्रा ओळखीच्या गल्लीतही हरवतो. गळपट्ट्याला तुमचा फोन नंबर असू द्या. घरातली सर्वांत आतली खोली निवडा, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू. तो स्वतःहून पलंगाखाली गेला तर त्याला ओढून बाहेर काढू नका. लपायची जागा त्याने निवडली आहे, तेवढा एक निर्णय तरी त्याच्या हातात राहू द्या.

आता फराळाच्या ताटाकडे वळू, कारण तिथली नवलाई याहून मोठी आहे. जे तुमच्या अंगी लागतं, तेच त्याला विष कसं होतं?

पाहुण्यांनी आणलेला चॉकलेटचा डबा घ्या. कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं. तुमचं यकृत सहासात तासांत त्यातलं निम्मं निकाली काढतं. कुत्र्याला त्यासाठी साधारण साडेसतरा तास लागतात! मोरीचं तोंड तुंबलं आणि वरून नळ चालूच राहिला तर काय होतं, तेच इथे होतं: साठत जातं. भर म्हणजे लघवीत उतरलेलं थिओब्रोमीन मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतं. म्हणून अशा कुत्र्याला वारंवार लघवीला नेणं हाही उपचाराचा भाग असतो. प्रमाण किती? वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅमला त्रास सुरू होऊ शकतो, 60 च्या आसपास झटके येऊ शकतात. दहा किलोच्या कुत्र्याला गडद चॉकलेटचे 40 ग्रॅमसुद्धा धोक्याचे.

पण मला सर्वांत थक्क करते ती बेदाण्याची गोष्ट. रव्याच्या लाडवावर नेटका बसवलेला तो एक बेदाणा! द्राक्षं आणि बेदाणे खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एकदोन दिवसांत बंद पडतात, हे पशुवैद्यांना वीसेक वर्षं दिसत होतं. कोडं असं की एक कुत्रा मूठभर खाऊन खडखडीत राहायचा आणि दुसरा थोडक्यात अत्यवस्थ व्हायचा. दोषी कोण? धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी, लहान मुलांच्या खेळायच्या घरगुती पिठात! ते पीठ खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं थेट द्राक्षाच्या विषबाधेसारखी होती, आणि त्या पिठात 'क्रीम ऑफ टार्टार' होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. 2021 मध्ये अमेरिकी पशुवैद्यांनी मांडलं की द्राक्षातला गुन्हेगार हाच असावा. जातीनुसार आणि पिकण्यानुसार द्राक्षातलं हे आम्ल कमीजास्त होतं, म्हणून कुत्र्यागणिक परिणाम वेगळा. आणि वाळवलं की ते एकवटतं. नाशिकची द्राक्षं, तासगावचे बेदाणे, दोन्ही त्याच्यापासून दूर. हेच आम्ल भरपूर असलेली आपली आणखी एक लाडकी वस्तू कोणती? चिंच! तेव्हा चिंचेची चटणीसुद्धा नको.

चिवड्यातल्या तळलेल्या कांद्याची तऱ्हा आणखी निराळी. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडवतात. तळून किंवा वाळवून ती नाहीशी होत नाहीत. त्या पेशींवर छोटे गोळे उमटतात आणि शरीर आपल्याच पेशी मोडीत काढू लागतं. फसवं काय, तर हे सगळं काही दिवसांनी दिसतं: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, कुत्रा मलूल. तोवर चिवड्याची आठवणही कोणाला नसते.

आणि 'शुगर-फ्री' पदार्थ? त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याचं स्वादुपिंड चक्क फसतं. त्याला वाटतं साखर आली, आणि ते इन्सुलिन ओतत सुटतं. साखर तर आलेलीच नसते! अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते. माणसात असं होत नाही. चकली, करंजीचं तूप-तेल त्यामानाने साधं, पण तेही याच स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. यातलं काहीही पोटात गेलं तर लक्षणांची वाट पाहत बसू नका. काय, किती आणि केव्हा खाल्लं ते सांगून लगेच डॉक्टर गाठा. अंगणातले न फुटलेले फटाकेही सकाळी झाडून घ्या, त्यातली रसायनं पोटात जाणं तितकंच वाईट.

एवढं सगळं वाचून कुत्रा फार नाजूक वाटला असेल, तर आता त्याच्या शरीरातली सर्वांत मोठी जादू ऐका. जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आईला बाळाशी बांधणारं तेच द्रव्य! मग घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते, हा सल्ला कुठून आला? तो चुकीचा आहे. भीती ही काही शाबासकीसाठी करून दाखवायची गोष्ट नाही, ती कुरवाळल्याने पक्की होत नाही. तो बिलगला तर बिलगू द्या, शेजारी बसा, सावकाश हात फिरवा.

त्याहून पुढची गोष्ट अशी की भीती जशी शिकली जाते तशी पुसलीही जाते. संशोधक श्टेफनी रीमर यांनी कुत्री पाळणाऱ्या हजारावर लोकांना विचारलं, फटाक्यांवर तुमच्या कुत्र्याला कशाने बरं वाटलं? आवाज झाला की लगेच आवडता खाऊ द्यायचा किंवा खेळायला घ्यायचं, ही साधी रीत वापरणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोकांनी ती लागू पडल्याचं सांगितलं. क्रम मात्र पाळायचा: आधी आवाज, मग खाऊ. मेंदू हळूहळू नवा हिशेब मांडतो, धडाम म्हणजे चिकनचा तुकडा! भीती फारच असेल तर औषधंही आहेत, पण ती आधीच डॉक्टरांना विचारून आणायची. काही गोळ्यांनी अंग सैल पडतं आणि आतली भीती तशीच राहते, त्यामुळे मनाने काही देऊ नका.

सोसायटीच्या दारातल्या बेवारस राजालाही हेच कान आहेत. त्या चार रात्री त्याला जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये बसू द्या, पाण्याचं भांडं ठेवा. कुणी त्याच्या शेपटीला माळ बांधू पाहत असेल तर थांबवा. 1960 पासून प्राण्यांना क्रूरतेने वागवणं आपल्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि तयारीला वेळ कुठे आहे म्हणाल, तर पंचांगानेच तो राखून ठेवलाय. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर इतक्या हळू लावायचं की मोती कान टवकारेल पण उठणार नाही, आणि लगेच खाऊ. दोनचार दिवस शांत राहिला की आवाज थोडा वाढवायचा, दचकला की पुन्हा खाली आणायचा. आणखी आधी सुरुवात केलीत तर उत्तमच. नाही तर या वर्षी आपट्याची पानं वाटून झाली की त्याच संध्याकाळी पहिला आवाज लावा.