तीनशेची मजुरी आणि पाच हजारांची चूक

नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसभरात ८६,४०० थेंब पडतात. थेंब साधारण पाव मिलिलिटरचा धरला, तर हे पाणी भरतं २१.६ लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचा निकष आहे. म्हणजे अडीच दिवसांच्या गळतीत एका माणसाचं दिवसभराचं पाणी जातं. हातकणंगले तालुक्यातल्या इचलकरंजीत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे तर ही गळती टाकीतल्या साठ्यातून होते.

ही गळती थांबवणारा वायसर दहा रुपयांना मिळतो. तो बसवायला प्लंबर येण्याजाण्यासह ३०० रुपये घेतो असं धरू. दहाच्या वस्तूला तीनशे मजुरी म्हटल्यावर पहिला विचार येतो तो ‘आपणच करू’ हा. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. या लेखातले मजुरीचे आणि वस्तूंचे दर नमुन्यादाखल धरलेले आहेत. आपल्या गल्लीतले दर घालून प्रत्येकाने गणित पुन्हा मांडावं, रीत तीच राहील.

आपल्या तासाचा भाव

स्वतः काम केलं की मजुरी वाचली असं आपण म्हणतो, पण त्यात आपला वेळ फुकट धरलेला असतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं, तर तासाला ३९ रुपये. हा झाला अकुशल श्रमाचा तळाचा भाव. शिरोलीच्या एमआयडीसीत महिना २५,००० रुपये मिळवणाऱ्याचं गणित वेगळं. २६ दिवसांनी भागल्यावर दिवस पडतो ९६१ रुपयांना आणि तास १२० रुपयांना.

आता प्लंबरच्या ३०० रुपयांकडे पाहू. दहा किलोमीटरवरच्या गावातून मोटारसायकलवर येऊन परत जायचं, तर पेट्रोलचे चाळीसेक रुपये गेले. उरले २६०. येणं-जाणं, सामान आणणं आणि काम मिळून दोन तास धरले, तर त्याच्या तासाला पडतात १३० रुपये. त्यात आयटीआयचं एक वर्षाचं शिक्षण आलं, हत्यारांची झीज आली आणि काम न मिळालेले रिकामे दिवसही आले. एमआयडीसीतल्या पगारदाराच्या तासापेक्षा हा तास फक्त दहा रुपयांनी महाग आहे. म्हणून मजुरीत घासाघीस करून पन्नास रुपये सुटतील, पण खरी बचत तिथे नाही.

हत्यारं कधी फिटतात

पाना, पकड, स्क्रूड्रायव्हर आणि टेफ्लॉन टेप मिळून ५०० रुपये धरू. काम तासाभरात झालं, तर तासाला १२० रुपयेवाल्याची दरवेळची बचत १८० रुपये. पाचशेला १८० ने भागलं की २.८, म्हणजे तिसऱ्या दुरुस्तीला हत्यारं फिटली. तासाला ३९ रुपयेवाल्याची बचत २६१ रुपये, त्याची दुसऱ्याच दुरुस्तीला फिटतात. घरात सहा नळ असतील आणि प्रत्येकाचा वायसर दोन वर्षांनी बदलावा लागत असेल, तर वर्षाला तीन दुरुस्त्या होतात. वर्षभरात हिशेब बरोबर.

हेच गणित ड्रिल मशीनला लावा. मशीन २,५०० रुपयांचं, फळी ठोकायला सुतार घेणार २०० आणि आपला अर्धा तास ६० रुपयांचा. बचत १४०. मशीन फिटायला अठरा वेळा फळी ठोकावी लागेल. वर्षातून एकदाच गरज पडणाऱ्या घराला अठरा वर्षं लागतील. असं मशीन शेजाऱ्याकडून मागून आणलेलंच बरं.

हत्यारं फिटणं ही एक अट झाली, दुसरी वेळेची आहे. पहिल्यांदा काम करणाऱ्याला तासाचं काम तासात जमत नाही. १२० च्या दराने ३०० रुपये म्हणजे अडीच तास. त्यापुढे झटापट चालू राहिली, तर प्लंबर स्वस्त.

वायसर बदलणं हे शिकण्याजोगं काम आहे. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाकायचं, पान्याने वरचा भाग फिरवून स्पिंडल बाहेर काढायचं. जुन्या रबरावर गोल वळ उमटलेला दिसतो, तीच गळतीची जागा. त्याच मापाचा नवा वायसर घालण्याआधी आत बोट फिरवून पाहावं. ज्या कडेवर रबर बसतं ती खडबडीत झाली असेल, तर नवा वायसरही चार दिवसांत गळेल आणि मग नळच बदलावा लागेल. अर्ध्याच फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या पद्धतीच्या नळात बहुधा वायसर नसतो, तिथे आतलं कार्ट्रिज बदलतात.

वाट पाहण्याचं बिल

प्लंबर ‘सकाळी येतो’ म्हणतो आणि दुपार होते. घरात दुसरं कोणी नसेल, तर पगारदाराला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. ती ४८० रुपयांची. तीनशेची दुरुस्ती तिथेच ७८० वर गेली. मजुरीपेक्षा वाट पाहणं महाग पडलं. बहुतेक घरांत हे बिल दिसत नाही, कारण वाट पाहायला घरातली बाई असते आणि तिच्या तासाचा भाव कोणी धरत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना आढळल्या, पुरुष ८८ मिनिटं. रोजगार हमीचाच ३९ रुपयांचा दर लावला, तरी तिच्या त्या कामाचे दिवसाला १८८ रुपये होतात.

इचलकरंजीच्या मागवाल्यांना हा हिशेब सांगावा लागत नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाला बंद यंत्राची किंमत कळते. माग अडला की मालक तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावतो, कारण माग थांबला तरी शेडचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि वीजबिलातला स्थिर आकार थांबत नाही. कापड मात्र निघत नाही.

घरातही वस्तू किती वेळ बंद ठेवून चालेल, हे पाहावं. नळाखालचा अँगल कॉक बंद करता येत असेल, तर आठ दिवस वाट पाहिली तरी पाणी वाया जात नाही आणि रविवारपर्यंत थांबता येतं. एकुलता एक संडास तुंबला असेल, तर अर्धा दिवसही काढता येत नाही. तिथे भाव न विचारता जाणकाराला फोन लावावा.

चुकीची किंमत

आता सगळ्यात मोठा आकडा. आपण वाचवू ती रक्कम भागिले काम बिघडल्यावर होणारं नुकसान, एवढ्यावरून शंभरात किती वेळा चुकण्याची मुभा आहे ते कळतं. उघड्यावरचा नळ बिघडला, तर जास्तीत जास्त दीडशे रुपयांचा नवा नळ. बचत १८०. दरवेळी चुकलात तरी तोटा नाही. तेच काम भिंतीतल्या पाइपाचं असेल आणि जोड तुटून फरशी फोडावी लागली, तर गवंडी, फरशी आणि पाइप मिळून ५,००० रुपये. १८० भागिले ५,००० म्हणजे ३.६ टक्के. अठ्ठावीस वेळांत एकदा चुकलात, तरी सगळी बचत गेली. नवशिक्याचा हात एवढा पक्का नसतो.

जिथे भागाकार लागू होत नाही

नुकसान रुपयांत मोजता येत नाही तिथे ही रीत थांबते. घरात अशा जागा तीन: वीज, गॅस आणि छप्पर.

घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या हाताने शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरला, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. माणूस वाचवायला बसवलेला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला वीज तोडतो. साधा १६ अँपिअरचा एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, तीसच्या पाचशे तेहतीस पट. ‘एमसीबी आहे, काही होत नाही’ या भरवशावर हात घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला १२ हजारांवर माणसं दगावतात.

कुठपर्यंत स्वतः करावं, हे कायद्यानेच आखून दिलं आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या नियम ४५ नुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण हे जसंच्या तसं बदलायला मुभा होती. जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. पुढच्या सुरक्षा विनियमांतही हीच रेषा आहे. म्हणजे मेन बंद करून बल्ब किंवा स्विच बदलणं घरचं काम, गीझरसाठी नवी लाइन ओढणं वायरमनचं. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे आयटीआयचे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, ते उगाच नाहीत.

गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते आणि ती वाचायला कारागीर लागत नाही. वास आला, तर मात्र स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर येऊन १९०६ हा गॅसगळतीचा मदत क्रमांक लावायचा.

मृगाच्या आधी घर शाकारायची घाई सगळ्यांनाच असते. तीन मीटरवरून पडलेला माणूस साधारण पाऊण सेकंदात जमिनीवर येतो, तोवर त्याचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या वर गेलेला असतो. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो. वाशाच्या रेषेवर पाय ठेवून चालायची सवय असलेल्या माणसालाच वर चढू द्यावं.

चार प्रश्न

हे काम वर्षातून किती वेळा निघतं? वस्तू किती दिवस बंद ठेवून चालेल? बिघडलं, तर किती रुपयांना पडेल? कोणाच्या जिवावर बेतेल का? चौथ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर पहिले तीन विचारूच नयेत. ‘नाही’ आलं आणि काम वर्षातून दोन-तीनदा निघणारं असेल, तर पाचशेची हत्यारं घ्यावीत. कारागीर बोलावलाच, तर आधी मजुरी ठरवावी, काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि काम चालू असताना शेजारी उभं राहून पाहावं. पुढच्या खेपेला त्यातलं कोणतं काम आपल्याला जमेल, हे ३०० रुपयांतच शिकून होतं.