नाद दुचाकीचा, नाद तारांचा

व्यापाऱ्याच्या घरात कानाला पूर्वीपासून मान आहे. रुपया चांदीचा होता त्या काळी पेढीवरचा माणूस तो दगडावर वाजवून पाही आणि बद्द बोलणारे नाणे बाजूला सारी. माठ घेताना गृहिणी आजही टिचकी मारून पाहते. ही विद्या कोणी पुस्तकातून शिकत नाही. ती ऐकून ऐकून अंगी मुरते.

मोटारसायकलचा छंद असलेल्या तरुणाजवळ हीच विद्या निराळ्या रूपाने असते. टॅपेट सैल झाल्याची टकटक, ढिल्या साखळीची खडखड, एका ठोक्याला चुकलेले इंजिन हे सारे तो गाडी न उघडता ओळखतो. असा तरुण एखाद्या दिवशी गिटार घरी आणतो आणि मग मात्र म्हणतो, ‘मला स्वरलिपी येत नाही, मला कसे जमणार?’ छंद आणि ध्वनी या दोहोंना मराठीत ‘नाद’ हा एकच शब्द आहे, हे अशा वेळी त्याला कोणी तरी सांगायला हवे.

दोन्ही नाद एकाच आयुष्यात जोपासणाऱ्यांमध्ये मार्क नॉफ्लर यांचे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म 1949 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील वास्तुविशारद होते. ते सात वर्षांचे असताना कुटुंब इंग्लंडच्या ईशान्य भागात न्यूकॅसलजवळ राहावयास आले. मामा-काकांच्या पिढीतील एक नातलग घरी पियानो व माउथ ऑर्गन वाजवी. ते ऐकून मुलाला गोडी लागली. त्याला हवी होती नामांकित बनावटीची तांबडी गिटार. ती परवडण्यासारखी नव्हती. वडिलांनी 50 पौंडांची दुसरी घेऊन दिली. मुलगा डावखुरा असूनही उजव्या हाताने वाजवू लागला आणि आवडत्या वादकांचे वादन ऐकून हात बसवू लागला.

पुढे त्यांनी लीड्समध्ये वृत्तपत्रात बातमीदारी केली, इंग्रजी साहित्याची पदवी घेतली आणि एसेक्समधील एका महाविद्यालयात अध्यापन केले. पोटाचा उद्योग वेगळा आणि नाद वेगळा, अशी ही वर्षे होती. याच काळात हाताशी होती ती गिटार वाकलेल्या मानेची, अगदी हलक्या तारा लावलेली. ती पट्टीने छेडता येईना, म्हणून ते नुसत्या बोटांनी वाजवू लागले आणि त्यातूनच त्यांचा ओळखू येणारा स्वर घडला. तेव्हाच्या त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव होते ‘कॅफे रेसर्स’. हे नाव मोटारसायकलींच्या जगातले: उपाहारगृहांच्या अड्ड्यांवरून सुसाट गाड्या पळविणाऱ्या ब्रिटिश तरुणांना व त्यांच्या गाड्यांना तसे म्हणत. 1977 मध्ये ‘डायर स्ट्रेट्स’ हा वाद्यवृंद स्थापन झाला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

बालपणी ज्यांचे वादन त्यांनी ऐकले, त्यांपैकी एक अमेरिकेचे चेट अ‍ॅटकिन्स. त्यांची गोष्टही कानाचीच आहे. लहानपणी ते रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिस यांचे वादन ऐकत. ट्रॅव्हिस अंगठा व तर्जनी एवढ्यावरच वाजवीत. अ‍ॅटकिन्स यांना मात्र ऐकून वाटले की आणखी बोटे लागत असावीत. तसा त्यांनी सराव केला आणि त्या चुकीच्या अंदाजातून स्वतंत्र शैली जन्मली. 1990 मध्ये अ‍ॅटकिन्स व नॉफ्लर यांनी मिळून एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली.

कानाने शिकावयाचे म्हणजे अंदाधुंद वाजवावयाचे नव्हे. त्यालाही क्रम आहे. प्रथम वाद्य सुरात लावावे. सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचा स्वर मिळतो. पुढेही तसेच, केवळ तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबून दुसरी जुळवावी लागते. दोन तारा जुळत आल्या की त्यांच्यातील थरथर मंदावते आणि जुळताच विरते. इंजिनाची संथ गती स्क्रू फिरवून कानाने जुळविलेल्याला ही खूण पटकन उमगते.

मग गाण्याचा ‘सा’ शोधावा, म्हणजे ज्या स्वरावर गाणे विसावते तो. त्याच तारेवर तेथून पाचव्या पडद्यावर मध्यम, सातव्यावर पंचम आणि बाराव्यावर वरचा ‘सा’ सापडतो. सा, म आणि प यांवर उभ्या राहणाऱ्या तीन स्वरसमूहांत कितीतरी सोपी गाणी बसतात. ओळ आधी गुणगुणावी, नंतरच तारेवर शोधावी. जे गळ्यात नाही ते बोटांत उतरत नाही. एका बैठकीत एकच ओळ घ्यावी. दुकान वाढविल्यानंतरची वीस मिनिटे रोज दिली, तर रविवारच्या तीन तासांपेक्षा अधिक फळ मिळते.

या दोन नादांत एक धोकाही आहे. मार्च 2003 मध्ये लंडनमध्ये नॉफ्लर यांच्या मोटारसायकलला अपघात झाला. गळ्याजवळचे हाड, खांद्याचे हाड आणि सात फासळ्या मोडल्या. गिटार टेकते ती फासळ्यांवर आणि हात चालतो तो खांद्याच्या बळावर; म्हणजे वादकाचा आधारच मोडला होता. ठरलेला दौरा रद्द करावा लागला. ते हळूहळू बरे झाले, 2004 मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका आली आणि 2005 च्या दौऱ्यात मुंबईकरांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले. मोडलेले हाड सांधले गेले.

मात्र गेलेला कान परत येत नाही. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमध्ये घुमणारा वारा तासन्‌तास ऐकला, तर श्रवणशक्तीला कायमचा अपाय होऊ शकतो. म्हणून लांबच्या प्रवासात जाणते चालक कानात मऊ बोळे घालतात. सायलेन्सर काढून गाडी गर्जवणारा तरुण शेजाऱ्यांची झोप मोडतोच, शिवाय ज्या कानाने त्याला तारांचा सूक्ष्म भेद ओळखावयाचा आहे, तोच तो झिजवतो. व्यापारी घरातील मुलाला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये. व्याज खर्चावे, मुद्दल सांभाळावे. या व्यवहारात कान हेच मुद्दल आहे.