भाकरी चावता आली पाहिजे

एखादे मूल भाकरी नको म्हणू लागले, की घरची मंडळी म्हणतात, ‘हट्ट करतोय, दुसरं काय!’ पण जवळ घेऊन त्याच्या तोंडात पाहणारे थोडेच. ज्या मुलाच्या शरीरात एचआयव्हीचा विषाणू आहे, त्याच्या बाबतीत तर हे पाहणे फारच अगत्याचे.

असे का? हा विषाणू रोगाशी झुंजणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. मग एरवी तोंडात गुपचूप राहणारी बुरशी माजते. जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला घट्ट दह्यासारखे पांढरे थर दिसतात. पुसले तर खाली लालभडक जागा. घास गिळताना आग होते. कधी हिरड्यांच्या कडेला लाल रेघ उमटते, कधी कानापुढची लाळग्रंथी सुजते. मात्र पांढरी जीभ दिसली म्हणजे एचआयव्ही झालाच, असे मुळीच नाही. तान्ह्या बाळांनाही असे होते. निदान होते ते रक्ताच्या तपासणीनेच. पण औषध चालू असलेल्या मुलाला हा त्रास पुन्हा झाला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता दातांचे पाहू. लहान मुलांची पातळ औषधे पुष्कळदा साखर घालून गोड केलेली असतात. झोपेत लाळ कमी सुटते. रात्री औषध पाजून मूल तसेच झोपवले, की तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि दात किडतो. मग औषध बंद करायचे? छे! ते एक दिवसही चुकवू नका. औषधानंतर चूळ भरायला लावा. बाळ असेल तर स्वच्छ ओल्या फडक्याने तोंड पुसा.

सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत घासून द्यायचे काम मोठ्यांचे. हिरडीतून रक्त येऊ शकते, म्हणून प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा. मिश्री मात्र नको. तीत तंबाखू असते. आणि सहा महिन्यांनी एकदा दंतवैद्याला दाखवा.

‘दुधाचे दात, पडायचेच आहेत’ असे म्हणू नका. दाढ ठणकली की मूल जेवत नाही, वजन घटते, आणि आधीच अशक्त शरीर आणखी खंगते.

गुरुजी, दोन शब्द तुमच्यासाठी. एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, लाळेने हा विषाणू पसरत नाही. 2017 साली झालेला आणि 2018 पासून लागू असलेला कायदा सांगतो, की अशा मुलाला शाळेत किंवा दवाखान्यात भेदभावाने वागवता येणार नाही. त्याच्या आजाराचे नाव चारचौघांत काढू नका. दात घासण्याचा धडा द्यायचा, तर साऱ्या वर्गालाच द्या.

सरकारी केंद्रांत 2004 पासून या आजाराची औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेणारी मुले मोठी होतात, शिकतात, संसार थाटतात. पण औषध पोटात जाते तोंडावाटेच, आणि भाकरीही. तेव्हा आज रात्री मूल झोपण्यापूर्वी दिव्याजवळ बसवा आणि त्याला म्हणा, ‘बाळ, आ कर पाहू!’